मी सही का केली नाही

शिरूरमधल्या दहा-बारा मुलांनी बिनव्याजी कर्जासाठी एक निधी सुरू करायचं ठरवलंय. कोणी रांजणगाव एमआयडीसीत कामाला आहे, कोणाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, दोघं पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. हेतू नेक आहे. गल्लीतल्या एखाद्या बाईला शिलाई मशीन घ्यायचं असेल, हातगाडीवाल्याला सकाळच्या मालाचे पैसे हवे असतील, तर त्यांना सावकाराची पायरी चढावी लागू नये.

मी दौंडची. सहकारी पतसंस्थांचं लेखापरीक्षण करते. म्हणून त्यांनी मला शिरूरला बोलावलं. चहा झाला, लॅपटॉप उघडला, एक सॉफ्टवेअर दाखवलं. ते विकणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं की प्रत्येक व्यवहाराचं ‘शरिया ऑडिट’ यंत्र आपोआप करतं. व्यवहार योग्य असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. “आपा, तुम्ही फक्त लिहून द्या की ही व्यवस्था बरोबर आहे. तुमची सही असली की लोकांचा विश्वास बसेल.”

मी सही केली नाही. मुलं नाराज झाली. एक जण तर म्हणाला, शिकलेल्या माणसांना आपल्या लोकांचं चांगलं झालेलं बघवत नाही. त्याला मी तिथे उत्तर दिलं नाही. इथे देते, कारण प्रश्न एकट्या शिरूरचा नाही. असली हिरवी खूण आज ना उद्या तुमच्याही मोबाईलवर येणार आहे.

सहीआधी मी कोणताही ऑडिटर करतो तेच केलं. नमुन्याच्या नोंदी घालून पाहिल्या. कर्ज २०,००० रुपये, मुदत १० महिने. यंत्र म्हणालं: व्याज शून्य, सेवा शुल्क २,००० रुपये, हिरवी खूण. मग तेच कर्ज २० महिन्यांसाठी घातलं. व्याज शून्य, सेवा शुल्क ४,००० रुपये, हिरवी खूण. मग ४०,००० रुपये १० महिन्यांसाठी. सेवा शुल्क पुन्हा ४,००० रुपये आणि पुन्हा हिरवी खूण.

आता हिशेब तुम्हीच करा. रक्कम दुप्पट केली की शुल्क दुप्पट, मुदत दुप्पट केली की शुल्क दुप्पट. वर्षाला सरळ १२ टक्के. याला माझ्या धंद्यात एकच नाव आहे, आणि आपल्या धर्मातही एकच.

कर्ज द्यायला खर्च येतो, हे कोणी नाकारत नाही. जागेचं भाडं, कारकुनाचा पगार, छपाई, वसुलीच्या फेऱ्या. तेवढा प्रत्यक्ष खर्च कर्जदाराकडून घ्यायला इस्लामी वित्तव्यवहाराचे नियम परवानगी देतात. बहारिनमधली आयोफी ही १९९१ साली स्थापन झालेली संस्था इस्लामी बँकांसाठी हिशेबाची, लेखापरीक्षणाची आणि शरियाची मानकं ठरवते. तिचंही म्हणणं हेच की कर्जावरचं सेवा शुल्क प्रत्यक्ष खर्चाइतकंच असावं. वसुलीच्या फेऱ्या जास्त महिने माराव्या लागतात, मान्य. त्याचा खर्च दाखवा. पण २०,००० ऐवजी ४०,०००चा फॉर्म भरताना दुप्पट शाई लागते काय? यंत्राला हा प्रश्न पडलाच नाही. ‘व्याज’ नावाच्या रकान्यात शून्य आहे की नाही, एवढंच ते बघत होतं. शेजारच्या रकान्यात तेच व्याज दुसरं नाव घेऊन बसलेलं त्याला दिसलं नाही, कारण ते बघायला त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणजे मी यंत्राच्या विरोधात आहे का? नाही. उलट आमच्या धंद्यात यंत्राची गरज मला जास्त कळते. ऑडिटर हजार व्यवहारांतले पन्नास उचलून बघतो आणि बाकीच्या साडेनऊशेंवर भरवसा ठेवतो. यंत्र हजारच्या हजार तपासतं, तेही व्यवहार होत असतानाच. इस्लामी बँकेत याचा खरा उपयोग आहे. मुराबहाचं उदाहरण घ्या. बँक पैसे उसने देत नाही. ती वस्तू आधी स्वतः विकत घेते आणि मग ठरलेला नफा लावून ग्राहकाला हप्त्यानं विकते. यात क्रमाला सगळं महत्त्व आहे. वस्तू बँकेच्या मालकीची होण्याआधीच ती ग्राहकाला विकली, तर तो सौदा राहत नाही, पैशावर पैसा होतो. कागदावर मागची तारीख टाकणं सोपं असतं. संगणकातली वेळेची नोंद मागे सरकवणं अवघड असतं. हप्ता उशिरा आला म्हणून घेतलेला दंड बँकेच्या नफ्यात गेला की दानधर्माच्या खात्यात, हेही यंत्र एका क्षणात दाखवतं. हे काम यंत्रानंच करावं.

पण क्रम बरोबर असणं आणि व्यवहार न्यायाचा असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझ्या मामेभावाची गोष्ट सांगते.

तो दौंडचाच. आखातात इलेक्ट्रिशियन होता. घराचा वरचा मजला चढवायला त्यानं तिथल्या एका इस्लामी बँकेकडून पैसे घेतले. मोबाईलवर चार वेळा ‘मान्य’ दाबलं आणि थोड्याच वेळात खात्यात रक्कम आली. त्याला वाटलं, बिनव्याजी कर्ज मिळालं. खरं काय झालं होतं? बँकेनं कुठल्यातरी गोदामातलं ॲल्युमिनिअम विकत घेतलं, ते त्याला हप्त्यानं चढ्या भावात विकलं, आणि त्याच्याच वतीनं लगेच तिसऱ्याला रोखीनं विकून टाकलं. ती रोख त्याच्या हातात आली. याला तवर्रुक म्हणतात. कागद इंग्रजीत आणि अरबीत होते. त्याला यातली एकही भाषा सौदा समजण्याइतकी येत नाही.

पुढे नोकरी गेली. हप्ते थकले. दर महिन्याला दंड लागला आणि बँकेनं तो नियमाप्रमाणे दानधर्माच्या खात्यात टाकला. भावाच्या बायकोचे दागिने विकून अखेर खातं बंद केलं. सगळे कागद मी दौंडला घरी बसून वाचले आणि त्याला समजावून सांगितलं की तू ॲल्युमिनिअम विकत घेऊन विकलं होतंस. तो माझ्याकडे बघतच राहिला. “आपा, मी कुठं काय विकत घेतलं?”

त्या बँकेचं शरिया ऑडिट यंत्रानं केलं असतं तर काय निघालं असतं? खरेदी आधी, विक्री नंतर: हिरवं. ग्राहकाची संमती: चार वेळा, हिरवं. दंड दानधर्माच्या खात्यात: हिरवं. ज्याच्या नावावर सौदा झाला त्याला सौदा झाल्याचं माहीतच नव्हतं, आणि हे नोंदवायला रकानाच नव्हता.

कोणी म्हणेल, हा एकट्याचा अडाणीपणा. तसं नाही. मलेशियात अशा सौद्यांसाठी बुर्सा सूक अस-सिला नावाचा इलेक्ट्रॉनिक बाजारच २००९ साली उभा राहिला. तिथे पामतेलाचे सौदे पडद्यावर होतात. आणि त्याच २००९ साली शारजाहच्या बैठकीत इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनं ठराव केला की बँकेनं आधीच आखून दिलेला असा संघटित तवर्रुक जायज नाही. म्हणजे एकच व्यवहार एका शरिया बोर्डाच्या यंत्रात हिरवा आणि दुसऱ्याच्या यंत्रात लाल. यंत्र फतवा देत नाही. कोणीतरी आधी दिलेला फतवा ते फक्त लागू करतं. मग तरुण मित्रांनो, हिरवी खूण दिसली की पहिला प्रश्न हा विचारा: कोणाचं मत आत भरलंय, त्यांना पगार कोण देतं, आणि वेगळं मत असलेल्या आलिमांचं म्हणणं कुठे वाचायला मिळेल?

हा प्रश्न आपल्या मातीला नवा नाही. शिरूर तालुक्यातलं करडे गाव तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. डिसेंबर १८७४ मध्ये त्या गावानं सावकारावर बहिष्कार टाकला. त्याचं शेत कसायचं नाही, पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक उठले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आणि आमचं दौंडही त्याच तालुक्यात. तिथून लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. इतिहासाच्या पुस्तकात याला दख्खनचे दंगे म्हणतात. हिंसा झाली, ती वाईटच. पण चौकशी आयोगानं एक गोष्ट नोंदवली आहे. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खतं आणि कर्जरोखे हातात द्या, एवढंच ते मागत होते. मिळाले की जाळत होते.

कागद का जाळले? ते बेकायदा होते म्हणून नव्हे. ते कायद्यानं अगदी चोख होते. सही नाहीतर अंगठा होता, साक्षीदार होते, मुदत होती. कोर्टात रोखा दाखवला की हुकूमनामा मिळत होता. त्या काळात हिरवी खूण असती तर त्यातल्या बहुतेक कागदांवर ती उमटली असती. फक्त ज्यानं अंगठा दिला त्याला आत काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. मूळ कर्ज किती, त्यावर व्याज किती चढलं, जुना रोखा फाडून नवा लिहिताना व्याजच मुद्दल कधी झालं, हे त्याला कळायला वाट नव्हती.

सरकारनं त्यावर जो उपाय केला तो ऑडिट करणाऱ्या प्रत्येकानं वाचावा असा आहे. १८७९चा दख्खन शेतकरी मदत कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यानं न्यायाधीशाला सांगितलं की नुसता रोखा बघून निकाल देऊ नकोस, दोघांमधला व्यवहार पहिल्या दिवसापासून तपास. कागदाच्या मागे जा. आणि शेतकऱ्याचा रोखा सावकाराच्या पेढीवर नाही, ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा. या कायद्यानं कर्जबाजारीपणा संपला नाही, पण तपासणी कशाला म्हणावं हे मात्र नेमकं सांगितलं.

आणि आपल्याकडे तर हे त्याच्याही बाराशे वर्षं आधीपासून आहे. कुरआनातली सगळ्यात लांब आयत नमाजाबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. सूरह बकराची २८२वी आयत उधारीचा व्यवहार कसा लिहावा याबद्दल आहे. व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, साक्षीदार ठेवा, हे आपण मदरशात ऐकलेलं असतं. त्यातलं एक वाक्य मात्र आपण घाईघाईनं ओलांडतो. मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणं आहे त्यानं. म्हणजे कर्जदारानं. तो दुबळा असेल, सांगू शकत नसेल, तर त्याची काळजी वाहणाऱ्या माणसानं त्याच्या वतीनं सांगायचं. लेखणी लिहिणाऱ्याच्या हातात, शब्द देणेकऱ्याचे. त्याच सूरहमध्ये दोन आयती आधी, २८०व्या आयतीत, अडचणीत आलेल्या कर्जदाराला सवड द्यायला सांगितलं आहे.

आता ते सॉफ्टवेअर या दोन आयतींसमोर ठेवा. लिहिण्याचा अर्धा भाग त्यात चोख आहे. वेळ, तारीख, क्रमांक, सगळं. कर्जदारानं मजकूर सांगायचा, हा भाग गायब. तिथे फक्त ‘मान्य’चं बटण आहे. सवड देण्याचा भाग तर नाहीच. दंड कुठे गेला ते यंत्र विचारतं. माणूस बुडत असताना दंड लावलाच का, ते विचारत नाही. शरियाच्या नावानं होणारी तपासणी जर सावकाराच्या बाजूनंच कागद वाचणार असेल, तर तिला मी शरिया ऑडिट म्हणणार नाही. माझ्या माझहबचं नाव एवढ्या स्वस्तात विकू देणार नाही.

माझी बोच आणखी एका गोष्टीची आहे. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढलं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी बँकांनी आणि वित्तसंस्थांनी ग्राहकाला कर्जाच्या ठळक अटींचा तक्ता द्यायचा. सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते त्यात लिहायचं. तो तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा आणि समजावून सांगितल्याची पोच घ्यायला हवी. व्याज घेणाऱ्या बँकेला हे बंधन आहे. आणि हलालचा शिक्का मारणारं सॉफ्टवेअर शिरूरच्या बाईला इंग्रजीत ‘मान्य’ दाबायला लावणार? इथे कोण आयतीच्या जास्त जवळ आहे, मनाला विचारा.

आपल्या देशात इस्लामी बँक नाही. रघुराम राजन समितीनं २००८ साली बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण रिझर्व्ह बँकेनं तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं, हे २०१७ साली माहिती अधिकारातून समोर आलं. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला लोकमंगल सहकारी बँकेनं २०१६ साली बिनव्याजी व्यवहाराचा प्रयोग सुरू केला, तो आपल्या भागात गाजला. मलेशियात इस्लामी बँकांना शरियाच्या पालनासाठी जबाबदार धरणारा २०१३चा कायदा आहे आणि शरिया ऑडिटचे मध्यवर्ती बँकेचे नियम आहेत. आपल्याकडे ‘हलाल’ लिहिणाऱ्याला धर्माच्या कसोटीवर विचारणारी कोणतीच सरकारी व्यवस्था नाही. म्हणून इथे हिरवी खूण जास्त धोक्याची. तिला रोखणारं कोणी नाही, आणि तिच्यावर विश्वास ठेवायला आपण तयार बसलेलो.

त्या विश्वासाची किंमत आपण मोजलेली आहे. बंगळुरूच्या आयएमए कंपनीनं हलाल नफ्याच्या नावावर हजारो घरांतून, बहुतेक मुस्लिम घरांतून, ठेवी गोळा केल्या. जून २०१९ मध्ये तिचा प्रमुख देश सोडून पळाला. निवृत्तांची पुंजी गेली, मुलींच्या लग्नाचे पैसे गेले. तिथे सॉफ्टवेअरची कमतरता नव्हती. कमतरता होती ती ‘हिशेब दाखवा’ म्हणणाऱ्या माणसाची. आणि असं म्हणणारा दीनचा दुश्मन ठरतो, ही सवय आपणच जोपासली आहे. त्या दिवशी शिरूरमध्ये मला जे वाक्य ऐकावं लागलं, ते त्याच सवयीतून आलं होतं.

काहीजण दुसऱ्या टोकाला जातील. म्हणतील, सगळं इस्लामी बँकिंग म्हणजे व्याजालाच नेसवलेली नवी साडी, सोडून द्या. मला हे सोयीचं वाटतं, खरं वाटत नाही. भाजीवाल्याला पहाटे पाच हजार लागतात, ही गरज खरी आहे. ज्या घरात व्याज घ्यायला-द्यायला जीव धजत नाही, त्या घराची अडचण खरी आहे. ती मुलं ही गरज ओळखून पुढे आली, म्हणून मला त्यांचा अभिमान आहे. म्हणूनच मी हिरव्या खुणेवर सही करणार नाही.

कशावर करीन तेही सांगते. एक, आधी नोंदणी. कोणाकडूनही ठेवी गोळा करणं २०१९च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात गुन्हा ठरू शकतं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली पतसंस्था नोंदवा, म्हणजे कलम ८१ प्रमाणे दरवर्षी ऑडिट होईल आणि सभासद जाब विचारू शकेल. दोन, सेवा शुल्क टक्क्यानं लावायचं नाही. वर्षाचा प्रत्यक्ष खर्च काढा आणि तो कर्जांच्या संख्येवर वाटा. जमलेलं शुल्क खर्चापेक्षा जास्त झालं की यंत्रानं स्वतःहून लाल खूण दाखवावी. हे काम पुण्यातल्या त्या दोघा मुलांना एका रविवारात जमेल. तीन, कर्जाच्या अटी मराठीत, एका पानावर. सहीआधी कर्जदारानं त्या स्वतःच्या शब्दांत परत सांगायच्या, आणि तो आवाज मोबाईलवर रेकॉर्ड होऊन नोंदीला जोडला जावा. आयतीतला कर्जदार बोलता करायला यंत्राचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. ज्याला सांगता येणार नाही, त्याच्या वतीनं बोलणारा माणूस निधीच्या समितीबाहेरचा असावा. चार, हप्ता थकला की दंडाआधी एक फोन आणि एक भेट. सवड मागितली का, दिली का, नाही दिली तर का नाही, हा रकाना रिकामा असेल तर व्यवहार हिरवा होऊ नये. पाच, वर्षाचा अहवाल, त्यातल्या लाल खुणांसकट, जुम्म्याच्या दिवशी मशिदीच्या फलकावर लागावा आणि बायकांपर्यंतही पोहोचावा. कर्ज घेणाऱ्यांत त्याच जास्त असणार आहेत.

कोणी म्हणेल, एवढं सगळं छोट्या निधीला परवडायचं नाही. परवडतं. यात महाग काहीच नाही. आवाज रेकॉर्ड करायला पैसे लागत नाहीत, फोन करायला लागत नाहीत, फलकावर कागद लावायला चार खिळे लागतात. अवघड एवढंच आहे की निधी चालवणाऱ्याला स्वतःच्या लाल खुणा चारचौघांत लावाव्या लागतील.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी त्या मुलांना वाचायला पाठवला. तीन दिवस कोणाचंच उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी, ज्यानं मला टोमणा मारला होता त्याचाच निरोप आला. त्यानं ती २०,००० आणि ४०,०००ची नोंद स्वतः घालून पाहिली होती. पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर बसायचं ठरलंय. मी मामेभावालाही सोबत घेऊन जाणार आहे. कागद समजला की नाही, हे आम्हा सगळ्यांपेक्षा तोच लवकर ओळखेल.